मागच्या खोलीपर्यंत

आमच्या घरात सुमारे दोन वर्षे एक दावा प्रलंबित होता. वादी आमची आई, प्रतिवादी आम्ही, आणि वादविषय भिंतीवर टांगलेली एक पांढरी पेटी. वादीने लेखी तक्रार कधीच केली नाही. तोंडीही फारशी नाही. ती रोज सायंकाळी आपल्या खोलीतून उठे, हातात फोन घेऊन बोळात येई आणि जिन्याखालच्या स्टुलावर बसून मडगावच्या आपल्या बहिणीशी बोले. ज्या तक्रारीचा कागद होत नाही ती वकिलाच्या घरी तक्रार म्हणून गणलीच जात नाही, हे आमच्या धंद्याचे एक वैगुण्य आहे.

कारेलीबागेतले हे घर आमच्या वडिलांनी बांधले. त्या काळी भिंत म्हणजे भिंत असे. बाहेरच्या आणि आतल्याही भिंती नऊ इंची विटेच्या. जिन्याचा भार घेणारी मधली तर चौदा इंचांची. पुढे दिवाणखाना आणि आमची कचेरी, मध्ये बोळ व जिना, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून आईची खोली, अशी रचना. इंटरनेटची तार फाटकाजवळच्या खांबावरून आली. ती जोडायला आलेल्या तरुणाने ‘क्यां लगाडुं, साहेब?’ असे विचारले खरे, पण उत्तराची वाट न पाहता तार जिथे घरात शिरली तिथेच, दाराच्या चौकटीशेजारी, पेटी टांगली. पंधरा मिनिटांत काम आटोपले म्हणून आम्ही खुशीने त्याला चहा पाजला. घरातील एका माणसाला पुढे दोन वर्षे स्टुलावर बसवण्याचा निर्णय त्या पंधरा मिनिटांत झाला, याची कल्पना तेव्हा त्यालाही नव्हती आणि आम्हांलाही नव्हती.

आई माहेरची गोव्याची. लग्न होऊन बडोद्यास आली त्याला पन्नास वर्षे होत आली. घरात ती मराठी बोलते, भाजीवाल्याशी आणि शेजारणींशी गुजराती. तिची कोंकणी आता एका मावशीपुरतीच उरली आहे. दिवसाकाठी पाऊण तास ती भाषा आमच्या घरात जिवंत होते. ‘आयज नुस्तें खंयचें गो?’ या प्रश्नाने आरंभ व्हायचा. कारण मडगावच्या बाजारात आज कोणती मासळी आली ही बातमी आईला दिल्लीच्या कोणत्याही बातमीहून अधिक महत्त्वाची वाटते. मग मध्येच चित्र थिजे, आवाज तुटे, आणि आई ‘आयकूंक येना गो, मागीर उलयतां’ म्हणून फोन खाली ठेवी. ‘मागीर’ म्हणजे नंतर. ते ‘नंतर’ बहुधा दुसऱ्या दिवशी येई.

एवढ्यावर आम्ही जागे झालो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. आम्ही जागे झालो ते आमच्याच अंगावर शेकले तेव्हा. आम्ही वकिलीस आरंभ केला तो न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत. तिथे आवाज पोहोचवायचा म्हणजे छाती भरून बोलायचे, इतकेच ज्ञान पुरेसे होते. २०२० च्या टाळेबंदीने ते ज्ञान निरुपयोगी करून टाकले. न्यायालये पडद्यावर आली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गुजरात उच्च न्यायालयाने तर आपले कामकाज यूट्यूबवर थेट दाखवण्यास प्रारंभ केला; असे करणारे ते देशातील पहिले उच्च न्यायालय. साथ ओसरली तरी पडद्यावरची सुनावणी पुरती गेली नाही. २०२४ च्या आरंभी अशाच एका सुनावणीत, एका न्यायाधिकरणापुढे, आम्ही माडीवरच्या शांत खोलीत बसून युक्तिवाद करीत होतो. मुद्दा चांगला होता. सहा-सात मिनिटांनी समोरून अत्यंत सौम्य शब्दांत सांगण्यात आले, की वकीलसाहेब दिसतात, ओठही हलतात, परंतु ऐकू काहीच येत नाही. आम्ही धावत जिना उतरून दिवाणखान्यात पोहोचलो तोवर पुढची तारीख पडली होती. पक्षकार सज्जन होता म्हणून काही बोलला नाही. त्या रात्री आम्ही ठरवले, की घरात आता सर्वांत उत्तम राउटर आणायचा. किमतीकडे पाहायचे नाही.

किमतीकडे न पाहणाऱ्या माणसाला निदान इतर आकड्यांकडे तरी पाहावे लागते. आमचा भाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याला आम्ही साक्षीदार म्हणून पाचारण केले. त्याने प्रथमच सांगितले, की वाय-फाय या नावाला काही अर्थ नाही; १९९९ साली बाजारात चालावे म्हणून ते एका नावे पाडणाऱ्या कंपनीकडून घडवून घेतले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९७ मध्ये, जे पहिले मानक ठरले त्याचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट होता. पुढे पिढ्या वाढत गेल्या. जानेवारी २०२४ पासून सातव्या पिढीच्या यंत्रांना प्रमाणपत्रे मिळू लागली. आम्ही अर्थातच सातवी पिढी मागितली. ‘मामा, तुमचा फोन पाचव्या पिढीचा आहे,’ तो म्हणाला. ‘राउटर सातवीचा आणलात तरी दोघांचे बोलणे पाचवीच्याच भाषेत होणार.’

मग त्याने एका खोक्यावरचा आकडा उलगडून दाखवला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत सहा हजार लिहिलेले असते. ते येते कसे? यंत्र दोन पट्ट्यांवर बोलते: एक २.४ गिगाहर्ट्‌झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. पहिल्यावर अधिकात अधिक ११४८ मेगाबिट, दुसऱ्यावर ४८०४. दोहोंची बेरीज करायची आणि वर थोडी पदरची भर घालून सहा हजार म्हणायचे. फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, सबब ती बेरीज कोणाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले. खोक्यावर आकड्याच्या आधी बारीक अक्षरांत जे असते त्याचे मराठी ‘पर्यंत’ असे होते. कायद्याच्या महाविद्यालयात १८९३ चा कार्बोलिक स्मोक बॉलचा खटला शिकताना जाहिरातीतली बढाई कोठे संपते आणि वचन कोठे सुरू होते यावर आम्ही रात्री जागवल्या होत्या. ‘पर्यंत’ या एका शब्दाने तो सारा प्रश्न मिटवता येतो हे तेव्हा कोणी सांगितले नाही. आमच्या घरात येणारी तार मुळात सेकंदाला शंभर मेगाबिटांची. कारेलीबागेतली पाण्याची टाकी कितीही भरलेली असो, आपल्या घरी येणारा नळ अर्ध्या इंचाचा असेल तर घरात धबधबा बसवून काय उपयोग?

परदेशी समीक्षांत ज्या पेट्यांची सर्वाधिक वाखाणणी आम्ही वाचली त्यांचा अभिमानविषय ६ गिगाहर्ट्‌झचा नवा, मोकळा पट्टा हा होता. येथे मात्र आमच्यातला वकील जागा झाला. हवेतून बोलणे ही आपल्याकडे पूर्वीपासून परवान्याची बाब आहे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्याने परवान्यावाचून असे यंत्र जवळ बाळगणेही निषिद्ध केले होते. सूट देण्याचा अधिकार सरकारकडे. आमच्या आजोबांच्या रेडिओचाही परवाना असे आणि त्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. ज्या मोजक्या संस्थानांनी स्वतःची नभोवाणी केंद्रे काढली त्यांत बडोदे होते, पण संस्थानाचे केंद्र ऐकायलाही परवाना चुकत नसावा. घरगुती वाय-फायला मोकळीक मिळाली ती त्या सुटीच्या मार्गानेच: २.४ चा पट्टा २००५ मध्ये, ५ चा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये. ६ चा पट्टा आम्ही खरेदीस निघालो त्या २०२४ साली भारतात परवानामुक्त नव्हता. त्याच्या खालच्या ५०० मेगाहर्ट्‌झपुरत्या सुटीचे मसुदा नियम सरकारने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे त्या वेळी ती परदेशी पेटी इकडे आणली असती, तर जिच्यासाठी पैसे मोजले तीच खोली कुलूपबंद मिळाली असती.

एवढे ज्ञान पदरी बांधून माणूस शहाणा होईल अशी वाचकांची अपेक्षा असेल. आम्ही अलकापुरीतील एका मोठ्या दुकानात गेलो आणि भाच्याने ज्याची बेरीज उलगडून दाखवली होती तोच सहा हजारी राउटर नाव घेऊन मागितला. आठ शिंगांचा, काळा, एखाद्या उपड्या कोळ्यासारखा. ‘आनाथी ऊंचुं कंई नथी आवतुं, वकीलसाहेब,’ दुकानदार म्हणाला. एकोणीस हजार मोजून आम्ही तो घरी आणला. आमची सौ. एवढेच म्हणाली, ‘अहो, याला ठेवणार कोठे?’ त्या प्रश्नाचे महत्त्व आम्हांला नंतर कळले. तूर्त आम्ही तो जुन्या पेटीच्याच जागी, चौकटीशेजारी ठेवला.

दिवाणखान्यात त्याने कमाल केली. कचेरीत कागदपत्रांची दोनशे पानी संचिका डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उतरली. माडीवर थोडी सुधारणा दिसली. मग आम्ही समारंभाने आईला तिच्या खोलीत बसवले आणि मावशीचा क्रमांक लावून दिला. चित्र आले, हलले, आणि थिजले. मावशीचा चेहरा अर्धा हसत राहिला. आईने थोडा वेळ वाट पाहिली, आमच्याकडे पाहिले, आणि आम्हांला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, ‘हांगा येना रे. असू दे. स्टूल काय वाईट आहे?’

त्या रात्री आम्ही पुन्हा साक्षीदाराला बोलावले आणि उलटतपासणी घेतली. एकोणीस हजारांच्या यंत्राला चौदा इंच वीट का भेदता येऊ नये? त्याचे उत्तर ऐकून आम्हांला आमच्या अडाणीपणाची लाज वाटली. यंत्राने किती जोराने बोलायचे यावर नियमांची मर्यादा असते; महाग यंत्र म्हणजे अधिक मोठ्याने ओरडणारे यंत्र नव्हे. समजा, ते ओरडलेच, तरी संभाषण दुतर्फा असते. आईच्या हातातल्या फोनला त्याच्या चिमुकल्या बॅटरीच्या बळावर उत्तर द्यायचे असते, आणि ते उत्तर त्याच दोन भिंती ओलांडून उलट यायचे असते. शिंगे आठ असोत की अठरा, समोरचा पुटपुटत असेल तर ऐकू येणार किती? त्यातही जो ५ चा वेगवान पट्टा, तो भिंतीपुढे लवकर दमतो. २.४ चा पट्टा भिंत बरी ओलांडतो, पण त्यावर एकमेकांच्या अंगावर न येणारे मार्ग तीनच, आणि गल्लीतली सारी घरे त्याच तिघांवर. आमच्या बडोद्यात उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवरून आकाश पाहिले असेल त्याला हे निराळे समजावून सांगणे नको. मांजा कितीही उंची असो, शंभर पतंगांच्या गर्दीत तो अडकायचाच.

वाय-फायची एक रीत मात्र आम्हांला फार आवडली. या यंत्रांत शिस्त अशी, की बोलण्यापूर्वी ऐकायचे. दुसरा बोलत असेल तर थांबायचे. दोघांनी एकदम तोंड उघडले तर दोघांनीही गप्प होऊन कमी-अधिक वेळाने पुन्हा यत्न करायचा. बार रूममध्ये ही नियमावली टांगावी असे आम्ही सुचवणार आहोत. पण याच सभ्यतेचा परिणाम असा, की एखादा दूरचा, क्षीण आवाजाचा फोन सावकाश बोलू लागला की बाकीच्यांनाही ताटकळावे लागते. आईचा फोन मागच्या खोलीत धडपडत असताना आमची सुनावणी माडीवर का अडखळत होती, याचे एक कारण हेही असू शकेल. ज्या तक्रारीची आम्ही नोंद घेतली नव्हती, तिचा निकाल आमच्याविरुद्ध असा परस्पर लागत होता.

दोष कोणाचा? दुकानदाराचा नव्हे. मालविक्रीचा १९३० चा अधिनियम आम्ही वीस वर्षे इतरांना वाचून दाखवत आलो. त्याच्या सोळाव्या कलमात सांगितले आहे, की माल कोणत्या विशिष्ट प्रयोजनासाठी हवा हे खरेदीदाराने त्या मालाच्या व्यापाऱ्याला कळवले आणि त्याच्या जाणतेपणावर विसंबून तो घेतला, तर माल त्या प्रयोजनास योग्य असावा ही अट करारात गर्भित धरायची. त्याला परंतुक जोडले आहे: विवक्षित वस्तू तिच्या पेटंटच्या किंवा व्यापारी नावाने घेतली, तर अशी अट गर्भित नाही. आम्ही दुकानात जाऊन नाव सांगितले. प्रयोजन सांगितलेच नाही. ‘मधे चौदा इंची भिंत आहे, तिच्यामागे एक म्हातारी बसते, तिला बहिणीशी बोलता आले पाहिजे,’ एवढे एक वाक्य आम्ही उच्चारले असते तर त्या भल्या माणसाने आम्हांला कदाचित तारेचे भेंडोळे दिले असते. खरे सांगायचे तर ते वाक्य आम्ही दुकानातच काय, स्वतःशीही उच्चारले नव्हते. आमच्या मनात होती ती आमची पडलेली तारीख.

उपाय अखेर तारेनेच झाला. भाच्याने पन्नास फूट केबल आणली. ही साधी तांब्याची तार सेकंदाला एक हजार मेगाबिट शंभर मीटरपर्यंत नेते, आणि येथे ‘पर्यंत’ हा शब्द प्रामाणिक आहे. वायरमनने चौदा इंची भिंतीला भोक पाडायला दीड तास घेतला. वडिलांच्या भिंतीची ती शेवटची परीक्षा. आई दारात उभी राहून पडणारा विटेचा भुगा पाहत होती. तिच्या खोलीच्या माळ्यावर, लोखंडी कपाटापासून दूर, अडीच हजारांचा एक साधा राउटर बसवला. त्याला स्वतःची अक्कल न चालवता पुढच्याचे ऐकायला सांगितले. तसाच एक माडीवर. तारा, मजुरी, सारे धरून खर्च साडेसात हजारांच्या आत. जुन्या पेटीलाच या तारा जोडल्या असत्या तरी आमचे काम भागले असते, असे भाचा म्हणाला. साक्षीदाराने न विचारलेले सांगू नये, असे आम्ही त्याला सुनावले.

मग महाग राउटर घेऊच नये काय? असा सरसकट निकाल देणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या घरी हजार मेगाबिटांची जोडणी आहे, वीस-पंचवीस उपकरणे एकाच वेळी बोलतात, फोन आणि संगणकही नव्या पिढीचे आहेत, त्यांना त्याचा लाभ खचित मिळेल. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावण्याची सोय नसेल तर दोन-तीन पेट्यांचा मेश संच घ्यावा. त्यातल्या महागांत पेट्यांनी आपसांत बोलण्यासाठी एक स्वतंत्र पट्टा राखलेला असतो, आणि तेथे जादा पैसा सार्थकी लागतो. कंपनी आपल्या यंत्राला सुरक्षिततेच्या सुधारणा किती वर्षे पुरवणार, हे तर शिंगे मोजण्याच्या आधी विचारावे. चार पैसे जास्त द्यायचे तर आम्ही त्यासाठी देऊ. आमच्यासारख्या जाड भिंतींच्या घरवाल्यांनी मात्र प्रथम फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून एक फेरी मारावी. तिला पैसे पडत नाहीत. आम्ही ती दोन वर्षांत एकदाही मारली नव्हती; आई रोज मारत होती.

त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला महापूर आला. शहराच्या कितीतरी भागांत पाणी शिरले, वीज गेली. आमच्या घरी तिन्ही पेट्या, एकोणीस हजारांची आणि अडीच हजारांच्या दोन, अंधारात सारख्याच मुक्या बसल्या होत्या. मडगावहून मावशी जिवाच्या आकांताने फोन करीत होती आणि लागत नव्हता. वीज आली त्या सायंकाळी पहिला दिवा आईच्या माळ्यावर लुकलुकला, आणि दोघी बहिणी आधी पाच मिनिटे नुसत्या रडल्या. त्या दिवशी मासळीची चौकशी झाली नाही.

आता आई आपल्या पलंगावर उशीला टेकून बोलते. दार लावून घेते. तासभर, सवा तास. दारामागून हसण्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. ही गोष्ट आमच्या लक्षात यायला काही आठवडे गेले. आई बोळात बसत असे तेव्हा आमची धाकटी मुलगी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गृहपाठ करीत बसे. कोणी न शिकवता ती बरीच कोंकणी उचलू लागली होती. जेवायला बसताना डाळढोकळीच्या पातेल्यात डोकावून ‘आयज नुस्तें खंयचें गो?’ असे ती आईला विचारी, आणि सारे घर हसे. आम्ही स्वतः, आईच्या पोटी जन्मून, तिची भाषा जितकी ऐकली नव्हती तितकी त्या स्टुलापायी आमच्या मुलीच्या कानांवर पडली. ते सारे त्या चांगल्या जोडणीने बंद केले. आईला याबद्दल काही सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. पन्नास वर्षांनी तिला दार लावून आपल्या भाषेत बोलायला मिळाले आहे.

स्टूल बरेच दिवस जिन्याखालीच होते. त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी साचत असे. परवा सायंकाळी आम्ही कचेरीतून उठून पाणी प्यायला आत गेलो, तेव्हा रद्दी बोळात जमिनीवर नीट रचून ठेवलेली होती. स्टूल धाकटीने आजीच्या दाराशी नेले होते आणि वही मांडीवर घेऊन ती त्यावर बसली होती. दार बोटभर उघडे होते.